जॅकखालचे ठोकळे

आमच्या घरात कुठलीही वस्तू शांतपणे बनली नाही. फळी ठोकायची असो की पोटमाळा घालायचा असो, आधी आवाज चढायचे, मग हातोडी चालायची, आणि हातोडी खाली ठेवली की हात. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. लालबागच्या आमच्या खोलीत दाराशेजारच्या भिंतीला एक खळगा आहे. रंगारी आला की विचारतो, इथे शोकेस ठोकलं होतं का. तिथे माझ्या धाकट्या भावाचं डोकं आपटलं होतं. आपटणारा आमचा बाप. आम्ही रंगाऱ्याला सांगतो, हो, शोकेस होतं.

त्यामुळे दादाचा फोन आला आणि तो म्हणाला, गाडीच्या जॅकखाली घालायचे ठोकळे आम्ही दोघं भाऊ मिळून घरीच बनवतोय, तेव्हा मी त्याला तिथेच अडवलं. मी म्हटलं, अरे विकत मिळतात ते, मोबाईलवरून मागव की. तर म्हणे प्लास्टिकचे असतात, परदेशी थेरं नुसती, आपल्याकडे लाकूड आहे, हात आहेत. हात आहेत, तेच तर माझं म्हणणं होतं. पण दादाला काही सांगायचं म्हणजे भिंतीला सांगण्यासारखं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर एका कंपनीच्या साहेबांच्या गाड्या चालवल्या, आणि रिटायर झाल्यावर स्वतःसाठी एक जुनी मिनीबस घेतली, शाळेची मुलं न्यायची तसली. परळच्या एका गॅरेजात उभी करून तिच्यातल्या सगळ्या सीटा काढल्या. आत एक पलंग बसवला, शेगडी बसवली, छोटंसं बेसिन बसवलं, खिडक्यांना पडदे लावले. तिला तो घरगाडी म्हणायचा. चाळीतले लोक हसायचे. म्हणायचे, आयुष्यभर एका खोलीत काढलंस आणि आता त्याच्याहून छोटी खोली चाकांवर घेऊन फिरणार काय? तोही हसायचा. त्या गाडीच्या बाबतीत त्याला काहीही बोला, चालायचं. बाकी कशाच्या बाबतीत चालायचं नाही.

गाडी त्याने हौसेने घेतली होती, पण आई पडल्यावर तिला काम मिळालं. आई चाळीच्या गॅलरीत पाय घसरून पडली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आत सळई बसली. लालबागच्या तिसऱ्या मजल्यावर तिला चढवणार कोण, म्हणून मी तिला माझ्याकडे अँटॉप हिलला आणली. सरकारी नोकरीत आहे मी, कॉलनीतलं तळमजल्याचं क्वार्टर आहे, एकटीच राहते. लग्न केलं नाही. आईचा संसार डोळ्यांनी बघून कुणाला ती हौस राहील?

आई फार वेळ बसू शकत नव्हती. व्हीलचेअरवर थोडा वेळ, बाकी सगळं आडवं. आणि आडव्या आडव्याच तिने एक धोशा लावला. गावच्या घरी न्या. एकदा तिथं निजू दे.

कोकणातलं जुनं घर, दुसरं काय असणार, असं लोकांना वाटायचं. माझ्या ऑफिसातल्या बायका म्हणायच्या, ओढ असते गं मातीची. मातीची कसली ओढ! मी सांगते तिला काय ओढ होती ती. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं आई गावी राहिली आणि बाप इथे गिरणीत. तो यायचा फक्त गणपतीला आणि शिमग्याला. तिथे त्याची आई होती, आमची आजी, आणि तिच्यासमोर हात उचलायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्या घरात आईने कधी मार खाल्ला नाही. दादा तिथेच जन्मला. मग आजी गेली, बापाने आईला मुंबईला आणलं आणि सुरू झालं. लोक म्हणतात, संप झाला आणि गिरणीतली माणसं बिघडली. आमचा बाप संपाच्या आधीही मारायचा, संपातही मारायचा आणि संप संपल्यावरही मारायचा. उगाच संपाला बदनाम करू नये.

तर आईला त्या घरी एकदा निजायचं होतं. एवढंच.

डॉक्टर म्हणाले, झोपवून न्या, हरकत नाही, पण सपाट. पलंग कलता कामा नये, ती घसरता कामा नये, खुब्यावर जोर आला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. आता आमच्या गावच्या घराला जोतं उंच, पायऱ्या जांभ्या दगडाच्या आणि वाकड्यातिकड्या, संडास लांब. म्हणून दादाने ठरवलं, गाडी खळ्यातच, म्हणजे घरापुढच्या अंगणातच, उभी करायची, आई गाडीत झोपेल, दिवसा तिला उचलून घरात नेऊ. पण खळं उताराचं. आणि पाऊस नुकताच सरलेला, तांबडी माती लोण्यासारखी मऊ. गाडी सपाट करायची तर चारी कोपऱ्यांना जॅक लावून उताराकडची बाजू उचलायला हवी, आणि जॅक मातीत रुतू नयेत म्हणून त्यांच्याखाली रुंद ठोकळे हवेत. सगळं त्या ठोकळ्यांवर येऊन ठेपलं होतं.

ठोकळे करणार धाकटा. त्याचा धंदा मांडवाचा. लहानपणी मंडळात वर्गणी मागत फिरायचा, मग बांबू बांधायला लागला आणि आता लालबाग-परळमधली निम्मी मंडळं त्याच्याकडून मांडव घालून घेतात. कितीही उंच मूर्ती असू दे, तिच्याखालचं स्टेज हा असं सरळ करतो की वर ठेवलेलं लिंबू गडगडणार नाही. स्वभावाने अगदी गरीब. चेष्टा करणार, हसणार, कुणी शिवी दिली तरी हसणार. मार खाल्लेली माणसं दोन तऱ्हेची होतात, एक दादासारखी आणि एक याच्यासारखी. मी मधली, माझं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही, पण माझं तोंड सुटलं की कॉलनीतले लोक खिडक्या लावून घेतात.

गणपती होऊन गेले होते. मांडव उतरले होते आणि लाकडं गोदामात परत आली होती. रविवारी मी डबा घेऊन तिथे गेले तेव्हा दोघं कामाला लागलेले. फळ्यांना अजून सोनेरी कागद चिकटलेला. दादा स्टुलावर बसून हुकूम सोडत होता आणि धाकटा करवत चालवत होता. दादाला ठोकळे छोटे हवे होते, कारण पलंगाखालच्या कप्प्यात मावले पाहिजेत. धाकट्याने एकदा म्हटलं, दादा, थोडे रुंद केले तर? दादाने हातातला टेप फेकून मारला. पत्र्याचा टेप, कानाशेजारून गेला आणि पिंपावर आदळला. धाकटा हसला, टेप उचलून आणला आणि दादा म्हणेल तेवढंच माप घेतलं.

एकावर एक फळ्या ठेवून त्याने ठोकायला सुरुवात केली. आता इथे ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. मांडववाला खिळा कधी पूर्ण ठोकत नाही. थोडं डोकं वर ठेवतो. विसर्जन झालं की सगळं उचकटायचं असतं, फळ्या पुढच्या वर्षी पुन्हा लागतात, खिळेसुद्धा सरळ करून पुन्हा वापरतात. फळ्याही सगळ्या एकाच दिशेने टाकतात, म्हणजे पटापट निघतात. जन्मभर या माणसाने उतरवण्यासाठीच बांधलेलं. हाताला तीच सवय. ठोकळ्यांच्या खालच्या बाजूला खिळ्यांची डोकी बाहेर राहिली होती. मी विचारलं, हे असं का रे? तर म्हणतो, ताई, उलट चांगलं, मातीत रुततील, ठोकळा सरकणार नाही. दादा म्हणाला, बरोबर आहे, डोकं चालवलंस आज. त्याने भावाला चांगलं म्हटलेलं मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. धाकट्याचा चेहरा असा खुलला की मला पुढे काही बोलवेना. मीही बघितलं आणि मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रविवारी चाचणी माझ्याकडे. आमच्या कॉलनीतला रस्ता उताराचा, गावच्या खळ्यासारखाच. दादाने सकाळीच गाडी आणून माझ्या खिडकीसमोर उभी केली. चाकांना दगड लावले. आई खिडकीत व्हीलचेअरवर बसून बघत होती, केस विंचरून, पदर नीट घेऊन, जसं काही त्याच दिवशी निघायचंय.

पलंगावर कुणीतरी झोपायला हवं होतं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी चढले आणि आडवी झाले. दादाने बेसिनच्या कट्ट्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवली, म्हणजे पाणी सरळ झालं की गाडी सरळ झाली. मग बाहेर जाऊन तो हुकूम सोडायला लागला आणि धाकटा खालच्या बाजूचे जॅक फिरवायला लागला. पाठीखाली गाडी हळूहळू उठत होती. वाटीतलं पाणी एका काठावरून मधे आलं. मी ओरडून सांगितलं, झालं रे, सरळ झालं! बाहेर दादा मोठ्याने हसला. खिडकीतून आईनेही काहीतरी विचारलं आणि धाकट्याने तिला हात दाखवला.

आणि मग खाली काहीतरी फुटलं. दगड फुटावा तसा आवाज. मातीत ती खिळ्यांची डोकी रुतली असती, पण आमचा रस्ता सिमेंटचा. ठोकळा लाकडावर बसलाच नव्हता, खिळ्यांच्या डोक्यांवर उभा होता, आणि वर सगळ्या गाडीचा भार. फळ्या एकाच दिशेच्या, त्या उभ्या चिरल्या. जॅक आडवा झाला आणि गाडी धाडकन खाली आली. मी पलंगावरून उडाले आणि कपाळ शेगडीच्या कोपऱ्यावर आपटलं. वाटी, चमचे, कुकर, सगळं अंगावर. डोळ्यात काहीतरी गरम आलं, हात लावला तर रक्त.

मी उठले ती आधी धाकट्याला बघायला. जॅक सुटला तेव्हा तो शेजारीच बसलेला असणार, त्याचा गुडघा तिथेच असणार. दार उघडलं तर तो उभा होता. वाचला होता. जॅक त्याच्या पायाला घासून लांब जाऊन पडला होता. मी देवाचं नाव घेते न घेते तोच दादाने फुटलेली फळी उचलली.

त्याने विचारलंसुद्धा नाही, लागलं का. त्याला किंवा मला. त्याने फळी दोन्ही हातांनी धरली आणि धाकट्याच्या पाठीवर घातली. फळीत खिळे होते. ज्या खिळ्यांची डोकी धाकट्याने अर्धी बाहेर ठेवली होती, ते फळी चिरल्यावर उघडे पडले होते. पहिल्या फटक्याला सदरा फाटला. दुसऱ्याला पाठ. धाकटा पळाला नाही. हात डोक्यावर घेतले आणि गुडघ्यांवर बसला, अगदी तसाच, जसा लहानपणी खोलीत बसायचा. पन्नाशी ओलांडलेला माणूस, केस पांढरे झालेले, नातवाला खेळवणारा माणूस, रस्त्यात डोकं झाकून बसला. दादा ओरडत होता, आई असती तर? आई असती तर आत? मेली असती ना रे! आणि मारत होता. आईच्या काळजीने मारत होता, असं त्याला वाटत होतं. आमचा बापही मारताना नेहमी कुठलंतरी कारण सांगायचा.

कॉलनीतले लोक गोळा झाले. कुणी मध्ये पडेना, खिळ्यांच्या फळीपुढे कोण जातो? मी दादाचा दंड धरला तर त्याने मला झटकून गाडीवर फेकलं. तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं. खाली टॉमी पडली होती, जॅक फिरवायची लोखंडी सळई. ती मी उचलली. एक क्षण मी दादाच्या डोक्याकडे बघितलं, हे खरं आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मग मी वळले आणि त्याच्या गाडीची मागची काच फोडली. मग बाजूची. सगळी ताकद लावून, शिव्या घालत. म्हटलं, ये, मार, आता मला मार, बघू तुझी गाडी किती टिकते.

तो थांबला. काच फुटल्याच्या आवाजाने थांबला. भावाच्या पाठीतून रक्त येत होतं त्याने थांबला नव्हता. फळी त्याच्या हातातून पडली आणि तो गाडीकडे बघत राहिला. मी धाकट्याला उठवलं.

घरात आणला तेव्हा आई खिडकीतच होती. तिने सगळं पाहिलं होतं. मला वाटलं रडेल, ओरडेल, काहीतरी बोलेल. ती एवढंच म्हणाली, माजी खुर्ची वळव. मी खुर्ची भिंतीकडे वळवली.

धाकट्याला टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. माझ्या कपाळालाही टाके. दवाखान्यात विचारलं तर त्याने सांगितलं, मांडवावरून पडलो. मी त्याला तिथेच झापलं. म्हटलं, अजून किती वर्षं शोकेस सांगणार आहेस? तो म्हणाला, जाऊ दे गं ताई, चूक माझीच होती, आणि दादाच आहे ना, तो नाही मारणार तर कोण मारणार? मला त्या क्षणी दादापेक्षा याचा जास्त संताप आला. पालथा पडून, पाठीला टाके घालून घेत घेत तो मला समजावत होता. मी बाहेर जाऊन बसले.

दादा दोन आठवडे कुणाशी बोलला नाही. नंतर कळलं, तो काय करत होता. त्याने शिसवाची जुनी चौकट मिळवली होती, कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीची. तिचे तुकडे एकटा कापत होता. एक थर उभा, त्यावर एक थर आडवा, आरपार बोल्ट, बोल्टांची डोकी लाकडात बुडवलेली. खाली ट्रकच्या टायरचं रबर चिकटवलं, कडा घासून गोल केल्या, प्रत्येकाला उचलायला दोरीची कडी बांधली. रुंदही केले, धाकट्याने म्हटलं होतं तेवढे. पलंगाखालच्या कप्प्यात मावेनात, तर त्याने कप्पाच तोडून टाकला. एक दिवस गाडी घेऊन एकटाच माझ्या रस्त्यावर आला, चारी ठोकळे लावले, गाडी उचलली आणि आत जाऊन पलंगावर झोपला. मी खिडकीतून बघत होते. बराच वेळ झोपून राहिला. मग बाहेर आला, ठोकळ्यांना लाथा घालून बघितल्या, टॉमीने ठोकून बघितलं. एक कपची उडाली नाही. फार सुंदर काम होतं ते, माझ्या शत्रूने केलं असतं तरी मी तसंच म्हटलं असतं. धाकट्याने नंतर ठोकळ्यांवरून हात फिरवून बघितला आणि म्हणाला, दादाने माफी मागितली बघ. तोंडाने मागायला काय झालं होतं, हे मी विचारलं नाही. आम्ही सगळ्यांनीच ती माफी समजून घेतली, आमच्या घरात याहून जास्त कुणी कधी दिलं नव्हतं.

आईने घेतली नाही.

निघायचा दिवस ठरला, दसऱ्यानंतरचा. पहाटेच गाडी दारात आली. फुटलेल्या काचांच्या जागी नव्या काचा. मी आईचं सामान चढवलं, औषधं, उशा, भांडं. आईला गाडीत चढवायचं म्हणजे दोघा भावांनी एकमेकांची मनगटं धरून बैठक करायची, तिने दोघांच्या खांद्यांवर हात टाकायचे आणि तिला अलगद उचलायचं. ऑपरेशननंतर तिला कायम असंच उचलत आले होते. दोघं व्हीलचेअरच्या दोन बाजूंना वाकले आणि हात पुढे केले.

आईने दादाचा हात बाजूला केला.

त्याला वाटलं काही टोचलं. त्याने अंगठी काढून खिशात टाकली आणि पुन्हा हात पुढे केला. तिने पुन्हा बाजूला केला. म्हणाली, तू नको.

मी म्हटलं, आई, अगं उशीर होतोय, चल. ती माझ्याकडे बघेना, ती त्याच्याकडेच बघत होती. फार हळू बोलली. माझी आई कधीच मोठ्याने बोलली नाही, तिला ती सवय लागूच दिली नव्हती.

"त्या घरात मी मार खाल्ला नाय," ती म्हणाली. "सगल्या जगात तेवडं एकच घर हाय माजं. तितं मी मार घेऊन जायाची नाय."

दादाला कळायला वेळ लागला. आम्हा सगळ्यांनाच लागला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. मोठा धिप्पाड माणूस आहे तो, बापासारखाच. तो तिच्या खुर्चीसमोर रस्त्यावर गुडघ्यांवर बसला आणि तिचा हात धरून स्वतःच्या गालावर आपटायला लागला. मार मला, म्हणाला. मार आई, कितीपण मार, पण मला ने.

आईने हात सोडवून घेतला. सोडवताना तिला जोर लावावा लागला. हात तिने पदराखाली घेतला.

"मला मारता येत असतं," ती म्हणाली, "तर तुज्या बापालाच नसतं मारलं?"

धाकटा तोंड फिरवून रडत होता. मला रडू येत नव्हतं. मी पुढे झाले, दादाच्या जागी वाकले आणि धाकट्याची मनगटं धरली. त्याच्या पाठीचे टाके नुकतेच काढलेले, उचलताना त्याने दात आवळले. आई पिसासारखी हलकी झाली होती. आम्ही तिला पलंगावर निजवली आणि चादर घातली. तिने डोळे मिटून घेतले.

दादा उठला. मला वाटलं आता भांडेल, गाडी माझी आहे म्हणेल, किल्ली घेऊन निघून जाईल. तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्याने किल्ली धाकट्याच्या हातात दिली. मग त्याला समजावायला लागला, दुसरा गिअर अडकतो, घाटात उतरताना घाई करू नकोस, खळ्यात शिरताना तोंड आंब्याकडे ठेव. ठोकळे कसे लावायचे तेही सांगितलं, कुठली बाजू खाली, कुठली वर. चारी ठोकळे त्याने स्वतः उचलून आत ठेवले, आईच्या पलंगाच्या पायाशी. आत वाकला तेव्हा त्याचं डोकं तिच्या पायांजवळ होतं. तिने डोळे उघडले नाहीत.

सांगते, मला त्याची कीव आली. गाडी त्याची, हौस त्याची, ठोकळे त्याचे, आणि त्या घरात जन्मलेला आम्हा तिघांत तो एकटा. कीव आली आणि राग तसूभर कमी झाला नाही. दोन्ही माझ्या छातीत एकदमच होतं आणि अजूनही आहे.

मी आत आईजवळ बसले आणि धाकट्याने गाडी सुरू केली. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मागे घ्यायला कुणीतरी उभं राहायला लागतं. दादा मागे गेला आणि हात हलवून सांगायला लागला, येऊ दे, येऊ दे, थोडं डावीकडे, बास. गाडी सरळ झाली. तेव्हा निघायची खूण म्हणून ड्रायव्हर लोक मारतात तशी पत्र्यावर थाप मारायला त्याने हात उचलला. सवयीने उचलला. मग आत आई निजलेली आहे हे त्याला आठवलं असावं. हात तसाच वर राहिला. मी मागच्या काचेतून बघत होते. त्याने तो हळूच खाली आणला आणि पत्र्यावर नुसता टेकवला, आवाज न करता. धाकट्याला ती खूण कळलीच नाही. मीच त्याला सांगितलं, चल.